सायलेन्सरमधलं पेलाभर पाणी

यंत्रमानव ठोक्यानं गाडीचा सायलेन्सर (धुराच्या नळीवरचा, आवाज कमी करणारा डबा) काढून बादलीवर उपडा केला आणि त्यातून चक्क पेलाभर तांबूस पाणी पडलं. मैथिली बघतच राहिली. गाडी बावीस वर्षं कोरड्या शेडमध्ये उभी होती. वर पत्रा शाबूत, अंगावर जाड कापड. मग हे पाणी आलं कुठून?

“उंदरांचं काम असणार,” आबा ठामपणे म्हणाले.

“उंदीर काय तांब्या घेऊन येतात, आबा?”

आबा म्हणजे मैथिलीचे आजोबा, उदाजीराव. तरुणपणी कोल्हापुरात मोटारींच्या शर्यती गाजवलेले. ही दोन सीटची लाल गाडी त्यांचा जीव की प्राण! पण आता साल होतं २०६१. रस्त्यावर सगळीकडे बॅटरीच्या गाड्या. जुन्या पेट्रोल गाडीला परवाना हवा असेल, तर तिचं इंजिन तपासणीत अर्धा तास न अडखळता चालायला हवं होतं. नाहीतर ते काढून तिथे बॅटरीची मोटर बसणार. तपासणी रविवारी होती, आणि गाडी मिनिटभर खोकून गप्प बसत होती. आबांना तीन रात्री झोप नव्हती.

“इंजिन काढल्यावर राहतंय काय? पत्र्याचं खोकं!” ते म्हणायचे.

ठोक्या हा उद्यमनगरातल्या कारखान्यातून आणलेला दुरुस्तीचा यंत्रमानव. त्यानं आजवर कशालाही ठोकलं नव्हतं. नाव आबांनी ठेवलं होतं. यंत्रांवर त्यांचा तेवढाच विश्वास.

“गाडी मधूनअधून सुरू करत होता का?” ठोक्यानं विचारलं.

“व्हय तर! मी काय तिला वाऱ्यावर सोडली नव्हती. दर दसऱ्याला झेंडूचा हार, नारळ, आणि दोन मिनिटं इंजिन चालू. एक दसरा चुकवला नाही.”

ठोक्यानं मेणबत्ती पेटवली आणि पुसून कोरडी केलेली, गार स्टीलची ताटली मैथिलीच्या हातात दिली. “ज्योतीच्या थोडी वर धर.”

ताटलीवर लगेच धुकं धरलं. मैथिलीनं बोट फिरवलं. ओलं!

“मेणात पाणी असतं?”

“नसतं. मेणात हायड्रोजन आणि कार्बन असतात, पेट्रोलमध्येही तेच. जळताना हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पाणी तयार होतं. कार्बनचा होतो कार्बन डायऑक्साइड. लिटरभर पेट्रोल जाळलं, तर साधारण लिटरभर पाणी तयार होतं.”

“आगीतून पाणी!” मैथिलीचा विश्वास बसेना. “मग सगळ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये पाणी साठायला पाहिजे.”

“चांगली शंका. गाडी लांब धावली की सायलेन्सर तापतो आणि पाणी वाफ होऊन बाहेर जातं. पण दोन मिनिटांत तो थंडच राहतो. मग वाफ या ताटलीवर बसली तशी आतच बसते. थोडं पाणी इंजिनच्या तेलातही उतरतं. मग गंज.”

मैथिलीनं आबांकडे पाहिलं. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

“म्हणजे बावीस वर्षं मीच तिला गंजवत होतो,” ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. मैथिलीला फार वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलणार?

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, आबा. आता आहे,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातात पाना दिला.

मग तिघंही कामाला लागली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्यातला हलका भाग कधीच उडून गेला होता आणि उरलेल्याचा डिंक झाला होता. त्या डिंकानं कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) केसाएवढी भोकं बुजली होती. ती मैथिलीनं बारीक तारेनं मोकळी केली. पाण्यानं दुधाळ झालेलं तेल बदललं, टाकीत ताजं पेट्रोल भरलं. इंजिन आधी हातानं फिरवून पाहिलं, सायलेन्सर परत बसवला आणि शनिवारी दुपारी गाडी बाहेर उघड्यावर ढकलत आणून आबांनी किल्ली फिरवली.

गाडी खोकली, थरथरली, मागून पांढरी वाफ सोडू लागली. नळीतून टपटप थेंब गळत होते. दोन मिनिटं झाली आणि आबांचा हात सवयीनं किल्लीकडे गेला.

“नको!” मैथिलीनं तो धरला. “तापू दे तिला.”

पाच मिनिटं. दहा. आबा कान देऊन ऐकत होते. पंधराव्या मिनिटाला थेंब थांबले, वाफ विरली आणि इंजिनचं अडखळणं गेलं. एका लयीत, संथ गुरगुर सुरू झाली.

“हाच!” आबा ओरडले. “हाच आवाज, पोरी!”

रविवारी गाडी अर्धा तास चालली. तपासनिसानं परवान्यावर सही केली आणि स्वतःच एक चक्कर मागितली. आबांनी ती दिली नाही. शेजारच्या सीटवर मैथिली आधीच बसली होती.

रंकाळा तलावाच्या कडेनं जाताना ती म्हणाली, “आबा, कार्बन नसलेलं इंधन जाळलं तर? नुसता हायड्रोजन?”

“मग मागून निव्वळ पाणी पडेल.”

“तशी शर्यतीची गाडी मी बनवणार.”

आबांनी गिअर बदलला. “लवकर बनव. चालवायची मला आहे.”