खालच्या फाट्यावरचा बाण

बसा रे, जरा सरकून बसा. उद्या पहाटे तुम्ही दोघं सायकली घेऊन डोंगरात निघालात, असं कानावर आलंय माझ्या. नाही, अडवत नाही मी. तुळशीरामकाकाने अडवलं म्हणून थांबणारी तुमची पिढीच नाही. पण सूरज, रूपेश, एवढं ऐका आणि मग खुशाल जा.

आपल्या तळवलीतला मितेश ठाऊक आहे ना? वाशीला ऑफिसात जातो तो, मालतीबाईचा मुलगा. ही गोष्ट त्याची. मी ती त्याच्याच तोंडून ऐकली, त्याच्या आईच्या देखत. आणि मालतीबाईसमोर खोटं बोलायची आख्ख्या गावात कोणाची छाती नाही, तिथे मितेशची कुठून असणार!

मागच्या पौषातली गोष्ट. शनिवार, वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अवस. मितेश दुपारी घरातून निघाला तो चुना आणायला. घणसोली गावातल्या हार्डवेअरवाल्याकडून पिशवीभर चुना घेतला, पिकअपमध्ये सायकल टाकली आणि गेला. रविवारी त्यांची टोळी दऱ्याखोऱ्यांतून सायकली हाणणार होती. या लोकांची एक रीत आहे. आदल्या दिवशी एकाने पुढे जायचं आणि जिथे जिथे रस्ता फुटतो तिथे डांबरावर चुन्याचा बाण काढून ठेवायचा. दरीत मोबाइल मुका होतो, नकाशा चालत नाही. आणि पहाटेच्या अंधारात उतारावरून सुसाट येणाऱ्याला पाटीबिटी काही दिसत नाही. त्याला दिसतो समोरचा हातभर रस्ता. बाण जिकडे, चाक तिकडे. थांबून विचार कोणी करत नाही.

म्हणून हे काम जबाबदारीचं. त्यात मितेशची धाकटी बहीण स्नेहल पहिल्यांदाच टोळीबरोबर येणार होती. फाल्गुनात तिचं लग्न. मालतीबाईने पोराला दारातच अडवलं होतं.

"मितेश, तू नेतस तं तूच आनशील. पोरगी मना जशी दिली तशी परत पायजे. मंग तुजी सायकल नि तू."

"आय, टेन्शन नको घेऊस. मी आज रातचा तिकरंच झोपतो. सकाली ती सगल्यांबरोबर येल, मी खाली भेटन तिला."

जागेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तिकडेच वळाल. पालीच्या पुढे, जिथे नदीने डोंगर उभा चिरलाय, तिथे कुठेतरी म्हणा. घाटाच्या पायथ्याला सुंदराबाईची चहाची टपरी. तिथून चढ लागतो, वर खिंड, खिंडीपलीकडे वळणावळणाचा उतार, आणि उताराच्या तळाला फाटा. उजवीकडे नवा पूल. डावीकडे जुना रस्ता. जुना रस्ता दिसायला नव्यापेक्षा झकास आहे, डांबर गुळगुळीत, एक खड्डा नाही. पण त्यावरचा पूल काही वर्षांपूर्वी पुरात गेला. रस्ता आहे, रस्ता आहे, आणि मग नाही. आडवी लावलेली पिंपं होती, तीही कोणीतरी उचलून नेली.

मितेशने टपरीपाशी पिकअप लावली. चुन्याची पिशवी बघून सुंदराबाई म्हणाली, "बान काडाया चाललास का रं?"

"हो मावशी."

"वर काड, खिंडीत काड. खालच्या फाट्याला नको काडू. तितं दगुड ठेव, फांदी ठेव. चुना नको."

"का हो मावशी?"

बाई गाळणीतला चोथा झटकत म्हणाली, "नको म्हंजी नको."

मितेश हसला. सायकलवर बसून उतरताना दगड कुठे दिसतो? वेगात येणाऱ्याला चुनाच हवा. तो चढला, उतरला, आणि फाट्यावर चांगला पसरट बाण काढला. उजवीकडे, नव्या पुलाच्या दिशेने. तसाच पुढे पूल ओलांडून पलीकडच्या गावापर्यंत गेला, तिथल्या वळणांवर बाण काढले, देवळापाशी पाणी प्यायला. परतला तेव्हा अंधार मिट्ट झाला होता. सायकलचा दिवा, रातकिडे, खाली नदी. मजेत शीळ घालत येत होता गडी.

फाट्यावर आला आणि त्याने ब्रेक दाबला.

बाण डावीकडे होता.

आपलीच दिशा चुकली असेल, उलटीकडून आलोय, असं वाटलं त्याला. उतरला, उताराकडे पाठ करून उभा राहिला, पुन्हा बघितलं. डावीकडेच. आणि बाण त्याचा नव्हताच. मितेशचा बाण म्हणजे कोंबडीचा पाय. हा सुबक होता. कडा सरळ, टोक नेमकं. हात बसलेल्या माणसाचं काम. त्याने काढलेल्या बाणाचा मागमूस नव्हता.

गावातली पोरं असतील, त्याने मनाशी म्हटलं. दोन शिव्या हासडल्या, बाटलीतलं पाणी ओतून बुटाने बाण घासला, आणि पुन्हा उजवीकडे काढला. मग पेडल मारत वर निघाला.

दुसऱ्या वळणावरून खालचा फाटा दिसतो. सहज म्हणून त्याने वाकून बघितलं. चांदणं नव्हतं, पण पांढरा चुना अंधारातही दिसतो रे. फाट्यावर कोणीतरी उकिडवं बसलं होतं. दिवा नाही, बॅटरी नाही. हात मात्र चालत होता. सावकाश, मन लावून.

"ए! कोन हाय रे?"

हात थांबला नाही.

मितेश तस्साच खाली आला. फाट्यावर कोणी नव्हतं. बाण डावीकडे. आणि आता एकच नव्हता. जुन्या रस्त्यावर, थोड्या थोड्या अंतराने, एकापुढे एक... सायकलच्या दिव्यात जिथवर दिसत होतं तिथवर बाण गेले होते. सगळे ओले. सगळे ताजे.

 खिंड ओलांडून टपरीवर जावं, सकाळी सगळ्यांना तिथेच गाठून सांगावं, असं मनात आलं त्याच्या. सायकल वळवली. जड लागली. बघतो तर दोन्ही चाकं बसलेली. हवा नाही. पायात ते त्यांचे पेडलला अडकणारे बूट, त्यात चार पावलं चालणं मुश्कील, आणि घाटाला कठडा नाही. आपण वर जाताना कुठे घसरलो, तर इथे कोण? पहाटे स्नेहल येणार. मान खाली घालून येणार. बाण जिकडे, चाक तिकडे.

त्याने ठरवलं. हलायचं नाही. फाट्यावरच बसायचं.

पाणी संपलं होतं, म्हणून अंगातलं जाकीट काढून त्याने बाण पुसला. पुन्हा उजवीकडे काढला. त्याच्याकडे पाठ करून बसला. नुसतं थंडीने नाही कापत होता तो, हे त्याने माझ्यापाशी कबूल केलं. रामरक्षा येत नाही, म्हणून आईचं नाव घेत होता.

किती वेळ गेला कोण जाणे.

मागे खरखर झाली. डांबरावर काहीतरी घासल्यासारखी.

तो वळला नाही.

खरखर थांबली. मग आवाज आला. रागाचा नव्हता. दमलेला, साधा, आपल्या घरातल्या कोणाचा असावा तसा.

"अहो... चुकीचा बाण काढू नका. पोरं फसतील."

 मितेशला एकदम वाटलं, याला सांगायला हवं. कोणीतरी सांगायला हवं.

"तिकडे पूल नाही," तो म्हणाला. "पूल गेला. पुरात गेला."

...

खाली नदी वाहत होती.

...

"असं कसं?" आवाज आता कानापाशी होता. "मी आत्ताच बघून आलो."

मितेश ताडकन उठला, तर पाठीमागचा बाण पुन्हा डावीकडे.  बाण त्याने पुन्हा पुसला नाही. पुसून उपयोग नव्हता. तो फक्त जुन्या रस्त्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला, पहाटेपर्यंत.

तांबडं फुटायच्या आधी वर खिंडीत एक दिवा दिसला. एकच. मितेश चक्रावला. टोळी एकत्र येते, पुढे जुने गडी, मागे नवखे. हा एकटा कोण, सगळ्यांच्या इतका पुढे? दिवा वळणं घेत खाली आला. वेगात. फार वेगात.

स्नेहल होती.

"स्नेहल, उजवीकडे! उजवीकडे घे!"

तिने मान वर केली नाही. डांबरावर बघत होती. डावीकडे वळली.

"स्नेहल!"

ती त्याला चुकवून कडेने निघाली, आणि मितेशने अंग झोकून दिलं. हँडल हातात आलं. दोघं आपटली. सायकलची पाण्याची बाटली सुटली आणि जुन्या रस्त्याने गडगडत गेली... गडगडत गेली...

मग गडगड थांबली.

मग खूप खालून, टप्.

स्नेहलने तो आवाज ऐकला. तरी भडकून म्हणाली, "दादा, येडा झालास का? तूच बोललास ना डावीकडं घे!"

"मी? कंदी?"

"आता, चढावर! मी सगल्यांच्या मागं राहिले व्हते. तू पाठीला हात लावून अख्खा चढ मला ढकललंस. बोललास, तू व्हय पुढं, खाली डावीकडं घे."

पोरांनो, ही पण यांची रीत. चढावर नवखा दमला की जुना गडी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर नेतो. मायेने नेतो.

"मागं वळून बगलंस तू?"

"कनाला बगू? दुसरा कोन हात लावल मला?"

मितेशने तिला वळवलं. पाठीवर, निळ्या जर्सीवर, दोन खांद्यांच्या मध्ये पांढरा पंजा उमटला होता. पाचही बोटं.

तेवढ्यात बाकीचे दिवे खिंडीतून उतरायला लागले. मितेशने हात पसरून एकेकाला ओरडून उजवीकडे काढलं. सगळे पार झाले. त्यानंतरच तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडला हे तोच सांगतो, लाजत नाही.

परत येताना टपरीवर सुंदराबाईने दोघांना गरम चहा दिला. जर्सीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"असाच एक यायचा. भला मानूस. कोनाला मागं सोडायचा नाय. शनवारी बान काडून ग्येला, रातीला वर पाऊस झाला नि पूल ग्येला. सकाळी पोरांच्या आदी तोच पुडं ग्येला, बान बरोबर हायेत का बगाया, नि ग्येला खाली. त्याच्यामुळं बाकीची वाचली, आरडाओरडा ऐकून थांबली. पन त्याला पूल ग्येला म्हनून कोन सांगनार? चुना दिसला की येतो. त्याला वाटतं, पोरं येनार हायेत."

ही झाली गोष्ट. मितेशने आईला दिलेला शब्द पाळला. फाल्गुनात स्नेहलचं लग्न झालं, मी स्वतः जेवून आलोय. ती जर्सी मात्र मालतीबाईने ठेवून घेतली. साबणाने धुतली, उकळत्या पाण्यात घातली, दगडावर आपटली. निळा रंग विटून गेला. महिनेच्या महिने गच्चीवर कडक उन्हात वाळत घातली आहे.

आज संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सहज त्या पंजाला बोट लावून बघितलं.

चुना अजून ओला आहे.