कॉडची डरकाळी

फोल्केच्या बेकरीचं दार इतक्या जोरात उघडलं की वरची पितळी घंटी निखळून थेट दालचिनीच्या बनांच्या परातीत पडली.

"गुनेल! माझा मासा चोरीला गेला!"

दारात डीसा वरेलियुस उभी होती. विद्यापीठातली सागरशास्त्रज्ञ. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

कोपऱ्यातल्या टेबलावर गुनेल स्ट्रोलेने कॉफीचा कप खाली ठेवला. एल्मस्टाडमधली ती एकमेव खासगी तपासनीस. वय त्रेसष्ट, आणि नजर अशी की समोर बसलेल्या माणसाला न केलेले गुन्हेसुद्धा आठवायला लागत.

"केवढा होता?" फोल्केने हातानेच माप दाखवत विचारलं. फोल्के बन उत्तम भाजायचा. डोकं मात्र मंद आचेवर चालायचं.

"नखाएवढा! मासा नाही रे, माशाचा आवाज! मेमरी कार्ड!"

"बस," गुनेल म्हणाली. "आणि उलटं सांगू नकोस. सुरुवातीपासून."

डीसा बसली नाही. नूरविकाच्या खाडीतले कॉड मासे वीस वर्षांपूर्वीच संपले, असं नगरपालिका धरून चालली होती. म्हणून उद्या सकाळी खाडीचा तळ उपसून मोठ्या जहाजांचा धक्का बांधायचं मतदान. डीसा मात्र तीन हिवाळे तिथे पाण्यात आवाज टिपणारं यंत्र सोडून बसली होती. कॉड अंडी घालायच्या दिवसांत आवाज करतात. आवाज आहे, म्हणजे मासा आहे.

"आणि आहे तो! यंत्र आज दुपारी वर काढलं. बोटीतच दहा मिनिटं ऐकलं. आज जाहीर व्याख्यानात सगळ्यांना ऐकवणार होते, पॉडकास्टवर थेट जाणार होतं. पहिल्या रांगेत अख्खी नगरपालिका! नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

"नक्कल काढून ठेवलीस?"

"वेळ कुठे होता?"

तेवढ्यात फोल्केच्या खिशातून एक भयानक डरकाळी उठली, एखाद्या अस्वलाला तुतारीत कोंबून फुंकल्यासारखी.

"बंद कर ते!" डीसा किंचाळली.

"तुझाच तर कॉड आहे," फोल्के हिरमुसला. "पॉडकास्टच्या जाहिरातीतला. आठवडाभर हीच रिंगटोन ठेवलीय."

"मी नाही ऐकत तो पॉडकास्ट. स्वतःचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. गुनेल, चल ना!"

गुनेलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

"व्याख्यानाच्या पाटीवर काय वेळ आहे?"

"सहा."

"मग वीस मिनिटं आहेत."

एल्मस्टाडमध्ये संध्याकाळच्या व्याख्यानाला अर्धा तास उशिरा जमायचं, ही विद्यापीठाची घड्याळांहूनही जुनी रीत. माझ्या आजोबांच्या वेळी म्हणे एक परदेशी पंडित सहाच्या ठोक्याला सुरू झाला, साडेसहाला खुर्च्यांना वाकून नमस्कार करून बाहेर पडला, आणि दारात भेटलेल्या लोकांनी शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या.

तिघं चौक ओलांडून धावत निघाले.

सभागृहाच्या पायऱ्यांवर बूडिल झाडू घेऊन उभी होती. सभागृहाची राखणदार, पुढच्या दाराची किल्ली तिच्याच कमरेला.

"दार उघडलं होतंस?" गुनेलने विचारलं.

"मी? डीसाला बाहेर सोडलं तेवढंच. सहाच्या ठोक्यापासून इथेच खरडतेय. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी एप्रिलमध्ये माझ्या कमरेवर येते! अर्ध्या पायऱ्या झाल्यात, त्यावरून चालू नका."

तिने दार उघडून त्यांना आत सोडलं. आत मंचावर घशाच्या गोळ्यांची एक डबी उघडी पडली होती. रिकामी.

"सहाचे ठोके पडले तेव्हा कार्ड यात होतं," डीसा म्हणाली. "मी ओले बूट बदलायला मागच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत परत आले, तर हे."

"मागच्या जिन्याने कुठे जाता येतं?"

"यालमारच्या खोलीकडे आणि पॉडकास्टवाल्या रास्मुसच्या स्टुडिओकडे."

"कार्ड मिळालंय हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"त्या दोघांना आणि बूडिलला. तिघांनाही दुपारी बोटीतूनच फोन केला."

जिन्यावरून प्राध्यापक यालमार स्वतःच खाली येत होता. डीसाचा विभागप्रमुख, सहा फूट उंच, कोटाचा डावा खिसा फुगलेला. आमच्याकडे प्राध्यापकालाही अरे-तुरेच चालतं, आणि यालमारला ते चाळीस वर्षांत पचलेलं नव्हतं.

"यालमार, सहाला कुठे होतास?"

"खोलीत. एकटा. मला असल्या जत्रेत रस नाही. विज्ञान जर्नलात छापतात, कानात नाही ओतत!"

"खिशात काय आहे?"

"खासगी वस्तू."

फोल्केने नाक वर केलं, दोनदा हुंगलं. "माझा बन आहे! आणि सकाळचा आहे."

यालमारचे कान तांबडे झाले. "लांबलं तर मध्येच भूक लागते. सतरावा भाग ऐकताना, तो शेवाळाचा, माझा जीव गेला होता."

"जत्रेचे भाग मोजतोस वाटतं?" गुनेल म्हणाली. यालमारने छताची नक्षी बघायला सुरुवात केली.

स्टुडिओ म्हणजे जाड पडद्यांची, बिनखिडकीची कोठडी. रास्मुस एकेदाल, पॉडकास्टचा निवेदक, सहा महिन्यांपूर्वी स्टॉकहोमहून आलेला. आवाज मधात बुडवून काढलेला. हातात माइक, माइकवर वारा अडवायची केसाळ टोपी. दांड्यावर मांजर पालथं घातल्यासारखी.

"ऐकलं मी! भयंकर!" तो म्हणाला. "पण मी त्या वेळी बाहेर होतो गं. पायऱ्यांवर, लोकांचे आवाज टिपत. पुरावाच ऐक ना."

त्याने कळ दाबली. चर्चची घंटा घुमली. एक, दोन, सहा ठोके. त्यांच्याखाली गर्दीची गुणगुण, कुणाचं खळखळून हसणं, आणि एक बाई स्पष्ट म्हणाली, "जागा मिळेल ना?"

"किती स्वच्छ!" फोल्के भारावून म्हणाला. "एक खरखर नाही!"

"धंदाच आहे तो आपला," रास्मुस हसला.

गुनेलने डोळे मिटले. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं.

"फोल्के, सगळ्यांना मंचावर बोलाव. रास्मुस, तूही ये. माइक घेऊनच ये."

सहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. बंद दाराबाहेर आता माणसांचा कल्लोळ चढत होता.

"ऐका," गुनेल म्हणाली. "हा आवाज आत्ता येतोय. सहाला काय होतं तिथे?"

"मी," बूडिल म्हणाली. "आणि दोन कबुतरं."

"पाटीवर सहा असलं तरी या गावात सहाला कुणी येत नाही. रास्मुस, तुझं स्टुडिओतलं काम दिवसाचं. संध्याकाळचं जाहीर व्याख्यान तुझं आज पहिलंच. बोलणं साडेसहाला सुरू होतं हे तुला ठाऊक होतं. पण पाटीवर सहा म्हणजे लोक सहापासून रांग लावणार, ही तुझी राजधानीची समजूत. म्हणून घंटेच्या खाली तू साठवणीतली गर्दी चिकटवलीस."

"काहीतरीच! तू काय—"

"आणि बूडिलची खडी कुठाय? सहाच्या ठोक्यापासून ती दगडावर लोखंडासारखा झाडू घासतेय. तुझ्या ध्वनिमुद्रणात एक खरखर नाही. तू तिथे नव्हतास. तू मागच्या जिन्यावर होतास."

रास्मुसचा मध आटला. "पण मी कशाला चोरेन? कार्यक्रम माझाच आहे!"

"तेच मला कळत नव्हतं," फोल्केने प्रामाणिकपणे मान डोलावली.

"तुझाच फोन वाजव, मग कळेल."

फोल्केने वाजवला. अस्वल तुतारीत गुरगुरलं. डीसा पहिल्यांदाच नीट ऐकत होती.

"हा कॉड? हे काय आहे?"

"आठवडाभर चाळीस हजार लोक ऐकताहेत," गुनेल म्हणाली, "आणि तुझं यंत्र समुद्रातून बाहेर आलं आज दुपारी. मग हा आवाज आला कुठून?"

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं.

"फुगा," रास्मुस पुटपुटला. "ओला फुगा घासला, मग आवाज खाली ओढला. तू म्हणाली होतीस ना, डीसा, की यंत्र एप्रिलमध्ये येणार. जाहिरात मार्चमध्येच हवी होती. वाटलं, खरा आवाज आला की असाच काहीतरी असेल. मग दुपारी तू फोन केलास, म्हणालीस, हळू आहे, दारावर बोटाने टकटक केल्यासारखा. माझं धाबंच दणाणलं. सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो."

"कार्ड कुठाय?" डीसाने त्याची बाही धरली. "फेकलंस?"

"नाही फेकलं त्याने," गुनेल म्हणाली. "आवाजाचा माणूस आहे. जगातला एकुलता एक आवाज त्याच्याने फेकवणार नाही. बिनखिडकीच्या खोलीत वाऱ्याची टोपी घालून बसला होता तो. तिथे वारा कसला अडवायचा?"

तिने माइक हातात घेतला आणि केसाळ टोपी सोलून काढली. नखाएवढं काळं कार्ड टपकन मंचावर पडलं.

डीसाने ते दोन्ही तळव्यांत धरलं. मग रास्मुसकडे वळली.

"तू सगळ्यांना सांगणार आहेस. आधी तू, मग मासा."

"नोकरी जाईल माझी."

"जाईलही. माशाची खाडी तर उद्याच जाणार होती."

साडेसहाला बूडिलने दार उघडलं. तीनशे माणसं आत घुसली. रास्मुस उभा राहिला, मधाविना, चिरकत, आणि फुग्याची गोष्ट सांगितली. कुणी हसलं, कुणी हुर्यो केली. यालमारने मोठ्याने "शांतता!" म्हणून दरडावलं.

मग डीसाने कळ दाबली.

पाण्याची सळसळ. बराच वेळ नुसती सळसळ. पहिल्या रांगेत नगराध्यक्षा सीग्रिड खुर्चीच्या कडेवर सरकली, मागे वळून बूडिलला म्हणाली, "ते हवा खेळवायचं यंत्र बंद कर. काही ऐकू येत नाही."

बूडिलने खटका दाबला. तीनशे माणसं कान टवकारून पुढे झुकली.

टक. टक-टक.

आणि दूरवरून, खाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर. टक-टक.

"दोन आहेत!" फोल्के ओरडला आणि अख्ख्या सभागृहाने त्याला गप्प केलं.

सीग्रिड उठून मंचाशी आली, कान थेट स्पीकरला लावला, आणि हात वर करून सर्वांना थोपवत म्हणाली, "उद्याचं मतदान रद्द. आता पुढचं लाव, पोरी, तिसराही असेल."