कुरुंद्यातला गायब नंबर

कुरुंद्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवलेली हळदीची रोपं उकाड्यानं करपली होती. मालक नचिकेतनं हिंगोलीहून खासगी तपासनीस अपर्णाला बोलावलं. सोबत तिचे सहकारी नाना आले.

"खोली तापली की कॉम्प्युटर माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवतो," नचिकेत म्हणाला. "काल आला नाही. माझा नंबरच गायब होता. इथं कामाला असलेल्या साधनानं पुसला. नोकरी सोडून ती स्वतःची रोपवाटिका काढतेय."

यंत्रणा त्याचा भाऊ चिन्मय यानं मागच्या महिन्यात बसवली होती.

"कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून देतात त्या कमांडच्या खिडकीत नंबर दिला, तिथूनच प्रोग्राम सुरू केला," चिन्मय म्हणाला. "चाचणीचा मेसेज लगेच आला. खिडकी तेव्हापासून उघडीच होती."

साधना दाराशी उभी होती. काल कॉम्प्युटरवर तीच बसली होती का, असं अपर्णानं विचारलं.

"व्हय. लाइट गेली होती. आल्यावर कॉम्प्युटर चालू केला, नवी खिडकी उघडून प्रोग्राम लावला अन् घरी गेले. एसी बंदच राहिला, ते ध्यानात आलं न्हाई. पण नंबर मी काहून पुसू? रोपं मीच वाढवली होती."

"कबूलच केलं की," नाना पुटपुटले.

"बसल्याचं कबूल केलं, नाना. पुसल्याचं नाही."

खिडकी उघडताना कॉम्प्युटर सेटिंगची जी फाइल वाचतो, ती अपर्णानं शोधली. "नाना, हिच्यात शेवटचा बदल कधीचा आहे?"

"गेल्या वर्षीचा."

"मग काल हिच्यातून कुणी काही पुसलेलं नाही. आणि मागच्या महिन्यात कुणी काही लिहिलेलंही नाही."

तिनं खिडकीत एक नंबर दिला, परत विचारला. नंबर दिसला. खिडकी बंद करून नवी उघडली, पुन्हा विचारलं. कोरी ओळ आली.

"खिडकीत दिलेला नंबर त्या खिडकीपुरताच. लाइट गेली, खिडकी गेली, नंबरही गेला. साधनाताईंच्या नव्या खिडकीला तो माहीतच नव्हता. कायमचा हवा असेल तर याच फाइलमध्ये लिहावा लागतो."

चिन्मयनं मान खाली घातली. "मला वाटलं, एकदा दिला म्हणजे राहतो."

अपर्णानं फाइलमध्ये नंबर लिहिला.

"साधनाताई, चुकलं माझं," नचिकेत म्हणाला.

"मला काय सांगून राहिले?" साधना शांतपणे म्हणाली. "तुमी साऱ्या गावाला सांगितलं ना, मी रोपं मारली म्हणून. आता हे बी गावालाच सांगा."