बाथरूममधून आलेली ओ

असलं काही रात्रीच घडतं असं वाटत असेल, तर ऐका. हे भर दुपारी घडलंय. याच वर्षी चैत्रात, तेरला, आमच्या गावाकडच्या घरात.

मी तिथं होते. माझा नवरा कुलदीपही होता.

दोघांनीही ऐकलं.

माझे सासरे हिंमतराव थंडीत वारले. बाथरूममध्येच. गुडघे गेले म्हणून त्यांच्यासाठी कमोड बसवला होता. ते गेल्यावर सासूबाई तिथं एकट्याच राहायच्या. आमच्याकडं धाराशिवला यायला काही केल्या तयार नव्हत्या.

एक दिवस शेजारच्या बलभीमकाकांचा फोन आला.

"कुलदीप, तुमची वरची टाकी रोज रिकामी व्हायलीय. संडासातला फ्लश गळतोय. वहिनी कुणाला हात लावू देईनात."

रविवारी आम्ही तेरला गेलो. कुलदीपनं फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. बोअरच्या जड पाण्यानं आत पांढऱ्या क्षाराचे थर चढले होते. तळाचा रबरी वॉशर दगडासारखा कडक झाला होता. त्याच्या फटीतून पाणी खाली कमोडात झिरपत होतं.

अगदी बारीक आवाज... सतत.

"गळू दे की रं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "थोडंच तर गळतंय."

"आई, सगळी टाकी रिकामी होतीय. तू प्यायला पाणी कुठून आणणार?"

त्या पदर तोंडाला लावून तिथंच उभ्या राहिल्या.

कुलदीपनं पाणी बंद केलं, क्षार खरवडून काढला, नवा वॉशर बसवला. टाकी भरली.

आवाज थांबला.

घर एकदम शांत झालं... नको इतकं.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. मी चहा टाकला. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"त्या दिशी म्या भाकरी करत हुते," त्या म्हणाल्या. "लई येळ झाला म्हणून हाक मारली. आतून 'आलो' म्हणाले. परत मारली. परत 'आलो' म्हणाले. मग बलभीमनं दार तोडलं. डाक्टर म्हणला, ह्यांना जाऊन लई येळ झाला, अंग गार पडलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मग मला ओ कुणी दिली, भुवनेश्वरी?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"अजून बी देतात. पाणी गळत असलं की म्या हाक मारते. ते ओ देतात. आता तुमी पाणी बंद केलं."

"आई, बास कर," कुलदीप म्हणाला.

आणि तेवढ्यात...

बाथरूममध्ये फ्लश ओढल्याचा आवाज झाला.

आम्ही तिघंही स्वयंपाकघरात होतो. घरात चौथं कुणी नव्हतं.

पाणी खळखळ करत गेलं. मग पुन्हा तोच बारीक आवाज सुरू झाला.

सासूबाई उठल्या. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. आम्ही ते उघडं ठेवून आलो होतो. त्या दारासमोर उभ्या राहिल्या.

"अवो..."

काही नाही.

"अवो, ऐकलं का?"

"आलो."

आतून. स्पष्ट.

सासूबाई हसल्या. डोळे पुसत आमच्याकडं वळल्या. "ऐकलं ना?"

ऐकलं होतं.

मामंजींचा आवाज मी बारा वर्षं ऐकला होता. भरडा, तंबाखूनं बसलेला.

हा आवाज त्यांचा नव्हता.

पातळ होता... ओला... कुणीतरी तो एकच शब्द शिकून घेतल्यासारखा.

मी कुलदीपकडं पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यालाही कळलं होतं.

त्यानं दार ढकललं. आत कुणीच नव्हतं.

सासूबाईंना तसंच सोडून यायला मन होत नव्हतं, पण त्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकेनात. शेवटी बलभीमकाकांना लक्ष ठेवायला सांगून आम्ही निघालो.

चार दिवसांनी सासूबाईंचाच फोन आला. आवाज खूश होता.

"आता म्या हाक मारत न्हाय," त्या म्हणाल्या. "आता तेच मला हाक मारतात."

"काय म्हणतात?" कुलदीपनं विचारलं.

"आत ये म्हणतात."

कुलदीप त्याच क्षणी गाडी घेऊन निघाला. त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. तेरच्या घराला कुलूप लावलं. धाराशिवच्या आमच्या बाथरूमची आतली कडी त्यानं त्याच रात्री काढून टाकली.

सासूबाई आता आमच्याकडं असतात. जेवतात, झोपतात, फार बोलत नाहीत.

ते कोण होतं, काय होतं, मला माहीत नाही. कुलदीप त्या दुपारचं नाव काढू देत नाही.

पण घरातलं कुणी बाथरूममध्ये असलं, कितीही वेळ झाला, तरी मी बाहेरून हाक मारत नाही.

दारापाशी जाऊन उभी राहते. माणूस बाहेर येईपर्यंत.