वीतभर खाली

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाच्या वृक्षोद्यानातल्या मोहाभोवती गेरूची रेघ होती. मंगळवारी संध्याकाळी ती नव्हती.

उद्यान केदारखेड्याच्या रस्त्याला. सकाळी फिरणाऱ्यांसाठी फाटक उघडतं, दहानंतर शाळांची मुलं येतात. संध्या तिथली प्रमुख. तिचे बाबा, संपत, तिथेच बावीस वर्षं माळी होते. दर श्रावणात ते प्रत्येक झाडाचा घेर मोजत आणि मोजल्या जागी गेरूची रेघ ओढत. नियमाने मोजायचं जमिनीपासून एक मीटर सदतीसवर. बाबा बुटके, ते आपल्या छातीशी टेप धरत. वीतभर खाली.

"बाबा, सगळे आकडे चुकले की!"

"चुकू दे. झाडाला माझी छाती ठाऊक हाय, तुझं पुस्तक न्हाई."

त्याच टेपने ते दर वाढदिवसाला लेकीलाही मोजत. उंची नव्हे, घेर. "भरली का वाळली, कळाया पायजे."

माघात बाबा गेले. श्रावण आला तरी त्यांनी लावलेल्या मोहाला पान फुटलं नाही. आदेश आला: वर्षात घेर वाढला नसेल, तर बुधवारी झाड तोडा. वहीत गेल्या वर्षीचा आकडा होता, एकसष्ट सेंटीमीटर. पण रेघ पावसाने धुतलेली. खोड वर निमुळतं. नेमकं कुठे मोजायचं? बाबांची छाती कुणी मोजली होती?

आणि आता ही रेघ.

संध्याने तिच्यावर टेप लावली. त्रेसष्ट.

झाड तोडायला आलेल्या बद्रीनाथने कुऱ्हाड खाली ठेवली. "वाचलं की! रेघ तुम्हीच मारली ना, मॅडम?"

"नाही."

"मंग?"

गेरूचा डबा तिच्या कपाटात होता. कुलूप जागच्या जागी. कुंचला वाळून लाकूड झालेला.

तिने बद्रीनाथला रेघेची उंची मोजायला लावली. एक मीटर सतरा.

दुपारी ती घरी गेली. खिरीचा वास दारापर्यंत आला होता.

"वाढदिवसाच्या दिवशी कपडे तरी बघून घालावेत," आई, बेबीनंदा, म्हणाली. "झाडाला मिठी मारून आलीस का काय?"

संध्याने खाली पाहिलं. छातीवर बोटभर रुंद, आडवी, तांबडी रेघ.

"फिर," आई म्हणाली.

ती फिरली. आईने खुंटीवरची बाबांची टेप काढली.

जमिनीपासून एक मीटर सतरा. रेघ पाठीवरूनही सलग गेली होती, आणि ओली होती.