हार्बर माउंटची मागची भिंत

“थांबा! पाऊल उचलू नका!”

मी जिन्यावरच थिजले. खाली टॉर्च घेऊन एक तरुण उभा होता, केसांत भिंतीचा भुगा. जॉस टायसन... हार्बर माउंट हे जुनं घर पाडायचं की ठेवायचं, हे बघायला नगरपालिकेनं धाडलेला इंजिनिअर.

“तुम्ही कोण? इथलं भूत?”

“लायब्ररीतली लोर्ना. या घराचा इतिहास लिहितेय.”

“मग भिंतीला धरून उतरा. नाहीतर तुमचाच इतिहास व्हायचा!”

पुढे आठवडाभर तो भिंती ठोकून बघत होता आणि मी त्याला माझी पानं वाचून दाखवत होते. १८७४ साली पोलाद कारखान्याच्या मालकानं हे घर बांधलं, धूर दिसू नये म्हणून समुद्राकडे तोंड करून. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या नाचाच्या दालनात बाळंतिणींच्या खाटा लागल्या. निम्मं वर्किंग्टन गाव तिथंच जन्मलं.

“माझी आजीसुद्धा,” मी म्हटलं.

“म्हणजे घराचे उपकारच झाले माझ्यावर,” तो पुटपुटला, आणि घाईघाईनं वहीत डोकं घातलं. त्याच वहीत घराचा निकाल लिहिला जायचा होता.

नगरपालिकेच्या सभेच्या दोन दिवस आधी त्यानं वही मिटली.

“मागची भिंत झुकलीय, लोर्ना.”

“नको ना लिहूस... एवढं एकच.”

“खालून शाळेची वाट जाते. कसं नको लिहू?”

“मग तूही घर पाडणाऱ्यांतलाच!” मी तिथून निघाले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही. काळजी घराची होती, की तो काम संपवून निघून जाईल याची... कळत नव्हतं.

सभेत तो उभा राहिला. माझ्याकडे बघेना.

“मागचा भाग पाडावाच लागेल.” त्यानं वहीचं पान उलटलं. “पुढचं घर मात्र पोलादी पट्ट्यांनी आवळलं तर शंभर वर्षं हलणार नाही. आणि हात वर करण्याआधी लोर्ना पॅटिन्सनची ही पानं वाचा.”

सात विरुद्ध सहा मतं. घर वाचलं.

बाहेर खारा वारा झोंबत होता. तो मागून धावत आला.

“अजून रागावलीयस?”

“थोडीशी.”

“काम सहा महिन्यांचं आहे. मी... इथंच खोली घेतलीय.”

“घरासाठी?”

“घराला रोज संध्याकाळी भेटावं लागत नाही गं!”

मी त्याच्या कोटाच्या खिशात हात सरकवला. त्याचा हात आत होताच... गार. त्यानं माझी बोटं घट्ट धरली.