आमच्या मधे काही नाही

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एका भोकातून.

भोक मीच पाडलं होतं. गाडीखाली उताणी पडून, ग्राइंडर चालवून, जुन्या गाडीच्या तळाच्या पत्र्याला बरोबर मधोमध. ठिणग्या विझल्या, मी चष्मा कपाळावर सरकवला आणि कड तपासायला वर पाहिलं, तर गाडीचं छत दिसायच्या ऐवजी दोन डोळे. तपकिरी, मिश्कील, आणि माझ्याकडेच बघणारे.

"हे तुम्ही पाडलंत?" डोळ्यांनी विचारलं.

"नाही. उंदराने."

"उंदीर नेटका आहे हो तुमचा. कड अगदी गोल कुरतडलीय. फक्त... जागा चुकली त्याची."

आमच्या गॅरेजमध्ये माझ्या कामाला चूक म्हणायचा हक्क फक्त बाबांचा, आणि हल्ली तेही तो मनातल्या मनात बजावतात. मी तरातरा गाडीखालून बाहेर आले. समोर एक उंच माणूस. गळ्यात टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, कॉलरमध्ये वाकडी सुई खोचलेली. दिसायला बरा होता. बरा म्हणजे... चांगलाच बरा होता, उगाच खोटं कशाला बोला.

"मी सीटवाला," तो म्हणाला. "सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, सगळं शिवतो. या गाडीची मालकीण माझी आत्या. तिनेच पाठवलंय."

आत्यांची गाडी म्हणजे लांबलचक नाकाची, गोल दिव्यांची, मलईच्या रंगाची म्हातारी. रूप अजून शाबूत, पण इंजिनात जीव उरला नव्हता. डोंगराच्या चढावर मालट्रकसुद्धा तिला मागे टाकायचे, आणि हेच आत्यांना सहन होत नव्हतं. "हिच्यात आजच्या काळातलं दमदार इंजिन बसव," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण बाहेरून हिचं रूप बदललंस, तर गाठ माझ्याशी आहे." बाबांनी गॅरेज माझ्या हाती दिल्यापासून इतकं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या नावावर आलं होतं. मी ते घेतलं, आणि गावभर सांगूनही मोकळी झाले.

आता नवं इंजिन साखळीला लटकत होतं आणि हा सीटवाला माझ्या भोकाला नावं ठेवत होता.

"गिअरचा दांडा इथूनच वर येणार," मी ठणकावलं. "नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स इथेच संपतो."

"मग सीट मधोमध कापावी लागेल."

"कापा. दोन सुट्या सीटा करा. झकास दिसतील."

"नाही कापणार."

इतकं शांतपणे मला कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्याने भिंतीशी ठेवलेल्या सीटकडे बोट दाखवलं. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सलग, दिवाणासारखी सीट. "बसा जरा," तो म्हणाला. मी बसले. का बसले, देव जाणे.

"दाराकडची बाजू बघा. कापड जवळजवळ नवं. चालवणाऱ्याची जागा झिजलीय, ते साहजिकच आहे. आणि आता ही बघा." त्याने माझ्या शेजारी, अगदी मधल्या जागेवर हात ठेवला. तिथे कापडाचा पार भुगा झाला होता. "गाडीत दोनच माणसं असायची. आणि दुसरं माणूस दाराशी बसत नव्हतं..."

"मग?" मी म्हटलं. पण माझाही हात त्या झिजलेल्या कापडावरून फिरला होता, आणि ते त्याने पाहिलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी बाबांसमोर चहा घेत कुरकुरत होते. "गिअरबॉक्स जरा आखूड असता तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," बाबा म्हणाले.

"कोणाला मिशा?" दारातून आवाज आला. आत्या उभ्या होत्या. बाबांना असा ठसका लागला की निम्मा चहा शर्टावर. अजून सीटपाशीच थांबलेल्या सीटवाल्याने घाईघाईने तोंड फिरवलं. त्याचे खांदे मात्र गदगदत होते.

आत्यांनी वाकून भोक पाहिलं, मग सीट पाहिली, मग मला. "ह्या गाडीत मी चालवायची आणि हे मधे बसायचे. दाराशी बसायला ते काय भाड्याचे प्रवासी होते? सीट कापायची असेल तर तुझं इंजिन काढ. मी माझी गाडी ढकलत घरी नेईन."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच मला धडकी भरली. गाडी ढकलत गेली असती, तर तिच्यामागून माझं नावही ढकलतच गेलं असतं.

मी विचार करायला वेळ मागून घेतला. आणि सीटवाला सीटचं माप घ्यायला यायला लागला.

एका सीटचं माप घ्यायला माणसाला किती फेऱ्या लागाव्यात? हा रोज यायचा. कधी लांबी चुकली म्हणून, कधी रुंदी चुकली म्हणून.

"टेप खराब आहे का तुमची?" मी एकदा विचारलं.

"टेप ठीक आहे. लक्ष लागत नाही."

"कशाने?"

"इथे आवाज फार असतो."

"मघापासून तर सगळं बंद आहे."

"तेच तर... बंद असलं की जास्त ऐकू येतो." आणि वर साळसूदपणे दोरा ओवायला लागला. सुईचं भोक समोर, नजर माझ्याकडे. दोरा काही ओवला जाईना. शेवटी मीच सुई हिसकावून एका झटक्यात ओवून दिली. काळे पडलेले माझे हात त्याच्या पांढऱ्या दोऱ्याला लागले आणि दोऱ्यावर ठसा उमटला. मी दोरा तोडून टाकायला गेले, तर म्हणाला, "राहू दे. आतल्या बाजूने शिवीन." त्या रात्री जेवताना मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

गिअरचं मात्र घोडं अडलेलंच होतं. तसा एक मार्ग मला पहिल्यापासून माहीत होता. आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स लावायचा. त्याला तळातून दांडा लागत नाही. हुकूम तारेने जातो. या गाडीत पूर्वी गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, तोच पुन्हा त्या तारेला जोडता आला असता. पण इतकं तगडं इंजिन बसवायचं आणि गिअर आपल्या हाताने बदलायचे नाहीत? माझ्या लेखी ते लग्नाला जाऊन उपाशी परतण्यासारखं होतं. मी हटून बसले होते.

मग एक दिवस बाबांनी स्क्रू मोजता मोजता सहज विचारलं, "तो सीटवाला... तुमच्यात काही आहे का?"

आता बापाला काय सांगणार? मी पाना उचलला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "छे! आमच्या मधे काही नाही."

"आहे ना," मागून आवाज आला. तो दारात उभा होता, हातात कापडाचा नमुना. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. "गिअरबॉक्स आहे."

नमुना टेबलावर ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मापं सगळी एकदम कशी बरोबर यायला लागली कोण जाणे.

मला चैन पडेना. गॅरेज तेच, बाबा तेच, रेडिओ तोच, आणि मी मात्र दार वाजलं की मान वर करत होते. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि पाना आपटून ते काही सुटणार नव्हतं. गाडीखाली जाऊन उताणी पडले. वर माझं भोक, भोकातून गाडीचं छत. तिथे डोळे नव्हते. एवढ्याशा गोलाकडे बघत पडून राहिले आणि मग स्वतःशीच म्हटलं, बाई गं, गिअर हाताने बदलायचेत म्हणून बाकी सगळं हातचं घालवणार आहेस का?

मी गिअरबॉक्स बदलून आणला. भोकावर नवा पत्रा जोडला, वेल्डिंगची रेघ घासून गुळगुळीत केली. जुना दांडा स्टिअरिंगपाशी परत बसवला. ब्रेक आणि मागच्या चाकांचा आसही तगडा घातला. नुसती ताकद वाढवून थांबवायची सोय नाही केली तर कपाळमोक्षच. एकच अडचण उरली. नवा गिअरबॉक्स जाड होता, त्याचा उंचवटा बरोबर सीटच्या मध्याखाली येत होता. मी फोन केला.

तो आला. नमस्कार वगैरे केला, मेला. वाकून उंचवटा पाहिला. मग झाकलेलं भोक पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिला.

"हाताने बदलायचे होते ना गिअर?" त्याने हळूच विचारलं.

"होते."

"मग?"

"मग काय? बदलला विचार. हे बघा, उंचवटा चार बोटं वर येतोय. मी गिअरबॉक्स दोन बोटं खाली उतरवते. तुम्ही..."

"मी सीट खालून दोन बोटं पोकळ करतो. मधल्या स्प्रिंगा काढून दाट फोम भरीन. वरून कळणारही नाही."

"जमेल?"

"तुम्ही दोन बोटं खाली येताय म्हटल्यावर..." आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे डोळे हसले. "मला दोन बोटं वर यायला काय जातंय?"

सीट बसवायच्या दिवशी आम्ही दोघांनी ती दोन्ही दारांतून धरून आत सरकवली. सीट उंचवट्यावर अलगद टेकली, ना हलली ना करकरली. इकडून तिकडे सलग. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बरं जमलंय." बाबांच्या भाषेत हे म्हणजे तोफांची सलामी.

आत्या किल्ली घ्यायला आल्या. इंजिन सुरू केलं तेव्हा त्या खोल, भरदार आवाजाने शेल्फवरचे डबे थरथरले. आत्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग किल्ली त्यांनी परत माझ्याच हातात ठेवली.

"आधी तू चढ चढवून आण. मी काय तुझ्या प्रयोगाचा उंदीर आहे? आणि ह्याला घेऊन जा. सीट उसवली तर जागच्या जागी शिवेल."

गाडी रस्त्याला लागली. तो दाराला चिकटून बसला होता, इतका की दार उघडलं असतं तर रस्त्यावर पडला असता. काचेतून वारा येत होता. नव्या कापडाचा वास, गरम तेलाचा वास, आणि आमच्या दोघांत रिकामी जागा. चढ लागला. माझा पाय जरासा दाबला गेला आणि म्हातारीने अशी उसळी घेतली की पुढचा मालट्रक बघता बघता आरशात गेला. मी हसले. तोही हसला, खिडकीकडे बघून.

"इतके लांब का बसलात?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात. आमच्या मधे काही नाही."

"आणि तुम्ही म्हणालात, आहे. गिअरबॉक्स आहे." मी नजर रस्त्यावरून हलवली नाही, हलवली असती तर वळण चुकलं असतं. "काढला तो. दांडा नाही, भोक नाही, सीटवर उंचवटा नाही. नीट बघून घे. आपल्या मधे आता खरंच काही नाही."

त्याची मान खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"आत्ता... 'घे' म्हणालात," तो म्हणाला. "घ्या नाही."

"म्हणाले. आणि आणखी एक म्हणते. तू मला आवडतोस. आता सरक इकडे."

त्याने दाराकडच्या जागेचा पट्टा सोडला आणि सरकला. मधल्या जागेवर बसून त्याने सीटच्या फटीतून दुसरा पट्टा ओढून काढला आणि कमरेला लावला. टक्.

मी चमकले. "मधल्या जागेला पट्टा? तो कोणी सांगितला होता?"

"कोणी नाही."

"कधी लावलास?"

"सीट शिवताना. काळ्या ठशाचा दोरा त्यालाच वापरलाय." त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. "तू दोन बोटं खाली आलीस, त्याच दिवशी."

वरच्या वळणावर आम्ही थांबलो नाही. पुन्हा खाली उतरलो आणि पुन्हा वर गेलो. चाचणी नीट व्हायला हवी ना.

परतलो तेव्हा आत्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भाच्याकडेही नाही. दाराकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"काय रे," त्या म्हणाल्या, "सीट कशी झालीय?"

"छान झालीय, आत्या. एवढंच की..." त्याने पट्टा सोडला नव्हता. "मधे लवकर झिजेल."